पाच माणसांचं पाणी

नव्व्याण्णव साली मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, सहा महिन्यांचा कोर्स करून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटरला तारीख कळणार नाही, मग वीज जाणार, बँका आणि कारखाने बंद पडणार, शहरातली उपाशी माणसं खेड्यांत घुसणार, असं कुठंकुठं वाचून मी घाबरलो होतो. खरं सांगायचं तर थोडा फुशारलोही होतो. जगबुडीची खबर आपल्यालाच आधी लागली असं वाटणारा माणूस जरा ताठच चालतो.

लपायला आडबाजूची जागा हवी होती. शेळगावचं आमचं घर कॅनॉलजवळ, रस्त्याला लागून. माणसं पहिली तिथंच येणार असं मला वाटे. अशा जागा माहीत असलेला घरात एकच माणूस होता. तात्या, वडिलांचे थोरले भाऊ. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचे, गुरं बघायचे. पूर्वी आमची मेंढरं होती तेव्हा वाड्याच्या, म्हणजे आमच्या फिरत्या बिऱ्हाडाच्या पुढं चालत जाऊन मुक्कामाची जागा निवडायचं काम त्यांच्याकडे असे. मेंढरं विकल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी धुतलेला पटका काढला.

मोटरसायकलवर मागं बसून त्यांनी मला सुप्याच्या पलीकडच्या माळावर नेलं. पहिली जागा दाखवली ती एका वस्तीच्या हाकेच्या अंतरावर. मी नाक मुरडलं. म्हणालो, माणूस दिसता कामा नये.

"माणसं न्हाईत तितं वाडा बसवत न्हाईत, लेका," तात्या म्हणाले. "लांडग्याला माणसाचाच धाक आसतो. आन् आडीनडीला हाक कुनाला मारनार?"

माणसांपासूनच तर लपायचंय, असं मी म्हणालो. ते पुढं चालू लागले. तासाभराने एका घळीत आलो. ते रान त्यांच्या जुन्या ओळखीच्या माणसाचं, कित्येक वर्षं पडीक. ओढा कोरडा होता, पण काठावर उंबर होता. तात्यांनी वाळू उकरली, ओली लागली. हितं खड्डा खणून झिरा काढला तर पाणी मिळंल, म्हणाले. आणि वाळूतला हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं,

"किती मानसांचं पानी बगायचं?"

"पाच," मी म्हणालो.

मी, बायको, तीन वर्षांची मुलगी, आई, वडील. तात्यांना धरायचं विसरलो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. धान्य मोजकं, म्हातारा रात्रभर खोकणार, शिवाय घरी गुरांपाशी कुणीतरी लागेलच, असा सोयीचा विचार मी आधीच करून ठेवला होता. लहानपणी ताप आला की ज्यांच्या घोंगड्यात मी झोपायचो, त्यांच्यासमोर उभं राहून मी पाच म्हणालो.

तात्यांनी मुंडी हलवली. "पाचाला पुरंल," म्हणाले आणि हात झटकून उठले.

डिसेंबरअखेर बायकोने माझं भूत उतरवलं. पोरीला थंडीत माळावर नेणार नाही, तुम्हाला जायचं तर खुशाल जा, म्हणाली. आम्ही बारामतीच्या खोलीतच थांबलो. एक तारखेला सकाळी दिवा लागला, नळाला पाणी आलं, शेजाऱ्याचा रेडिओ वाजू लागला. मला आनंद व्हायचा सोडून लाजच वाटली. शेळगावला गेलो, तर वडील म्हणाले, तात्या चार दिवसांपूर्वी पहार घेऊन पाहुण्यांकडे गेलाय. पहार घेऊन ते कुठं गेले असतील ते मला लगेच कळलं. एकतीसला दुपारपर्यंत आम्ही माळावर येतो, असं मी तात्यांना सांगितलं होतं. बेत मोडल्याचं सांगायला मात्र गेलो नव्हतो.

घळीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. झिरा कमरेएवढा खोल काढला होता, काठाने दगड रचले होते, तळाला नितळ पाणी होतं. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, आत तीन दगडांची चूल, सरपणाचा ढीग. कुंपणाच्या बाहेर तात्यांचं घोंगडं अंथरलेलं होतं आणि त्यावर ते बसले होते.

"आलास? बाकीची कुठं हायती?"

"तात्या, काय झालंच न्हाय. लाईट हाय, सगळं हाय."

"मंग बरंच झालं की," ते म्हणाले आणि खरंच हसले.

"बाहेर का झोपला?"

"आत पाचाचीच जागा हाय. तुमी आला की मी माघारी जानार हुतो. ढोरांकडं कुनी बगाया नगं का?"

माझ्याच मनातलं कारण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी घाईघाईने खोटं बोललो. म्हणालो, "तात्या, मी तुमाला धरूनच पाच म्हनलो हुतो."

त्यांनी बोटं मोजली. मेंढरं मोजताना मोजत तशीच, अंगठा पेरावरून सरकवत.

"मंग पोरीला माघारी ठिवनार हुतास व्हय?"

आवाजात राग नव्हता. त्यांनी घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं, पहार उचलली आणि मोटरसायकलकडे चालू लागले. वाटेत सुप्यात चहा प्यायलो. पुन्हा त्या पाचाचा विषय त्यांनी काढला नाही, घरातही कुणाला सांगितलं नाही.

तात्या त्यानंतर सहा वर्षं जगले. रोज संध्याकाळी गोठ्यापुढं बसलेले असायचे आणि मी गावी आलो की आधी मुलीची चौकशी करायचे. माफी मागायला मला वेळ पुष्कळ मिळाला होता. मागितली नाही.