नांदेडहून माल आणायचा हाय

खतिजाचाची गेल्याचं मला मुखेडच्या बाजारात कळलं. बांगड्याच्या गाड्यावर तिची सून एकलीच बसल्याली. मी इचारलं, चाची कुठं हाय? ती म्हणली, "मावशी, अम्मा झोपेतच गेली..." मी तिथंच बाजूच्या पोत्यावर बसले. सुखाचं मरण आलं म्हून बरं वाटलं, अन् उगंच आपल्या हाताकडं बघत राहिले.

चाची टोपली घिऊन आमच्या गावात यायची, तवापासूनची वळख. हात हातात घिऊन दाबून दाबून मऊ करायची अन् तोंडानं चिडवत ऱ्हायची. कुणाला हिरव्या पायजेत, कुणाला जांभळ्या, रंगावरून बायकांची लई भांडणं. बांगड्या भरल्या की आमी तिच्या पाया पडायचो, ती म्हणायची, चुडा सलामत राहू दे बाई.

मी लई सोसल्यालं माणूस. खडी फोडली, एक लेकरू मातीत घातलं अन् चूल पेटवली. रडायला फुरसत नव्हती. मग लेक लातूरला चांगल्या घरी दिली, मालक तिथंच डाळीच्या मिलमधी कामाला लागले. सगळं ठीक झालं, अन् तवाच मला काय की झालं. भाकर गोड लागंना, झोप येईना. चुलीपुढं बसले की बसूनच. रडूबी येईना. वाटायचं, आपून नसलो तर घराचं बरं हुईल. सासूबाईला वाटलं, बाहेरचं हाय. माहूरला नेलं, देवीची वटी भरली. डोंगर चढले तशीच उतरले.

संक्रांतीला चाची आली. म्हणली, "गोदा, कोणता रंग?"

मी म्हणले, "कोणताबी."

तिनं माझा हात हळूच खाली ठिवला अन् टोपली झाकली. म्हणली, "मी बी एकदा असंच कोणताबी म्हणत हुते. मनाचा आजार ऱ्हातो बाई, त्याचा डॉक्टरबी ऱ्हातो. गोळ्या खाल्ल्या म्हून तुह्या म्होरं बसले." मग जवळ सरकून इचारलं, "मरावं वाटतंय का?"

असं मला कुणी इचारलंच नव्हतं. मी हाव म्हणले... अन् तवा कुठं रडू आलं.

सासूबाई म्हणल्या, देवीला नवस बोललाय, अन् लोक येडी म्हणतील. चाची म्हणली, "मग देवीनंच मला धाडलं समज अन् शिदोरी बांध. लोकाला सांग, गोदा खतिजासंग नांदेडला माल आणायला गेली."

सरकारी दवाखान्यात तरणी डॉक्टरीणबाई हुती. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणली, शुगर हुती, बीपी हुतो, तसाच ह्यो आजार. तुमची काय चूक न्हाई. गोळी हळूहळू लागू पडंल, मनानं बंद करू नका, अन् बोलायला येत जा. जरा बरं वाटल्यावर सासूबाईच्या म्हणण्यानं मी गोळ्या सोडल्या, अन् पुन्ना हातरुण धरलं. चाची बोलायला लागली, तापाची गोळी हाय का ती, ताप उतरला की सोडायला?

दवाखाना झाला की खरंच माल घ्यायचो. गाव म्हणायचं, गोदा बांगड्या इकणारी मनेरीण झाली. एकदा ठोक दुकानात चाचीनं निळ्या बांगड्या उचलल्या, तर माझ्या तोंडून निघालं, "ह्या नको, फिक्क्या हायत. त्या पोपटी घे." दुकानदार म्हणला, पोपटी खपत न्हाई. चाची माझ्याकडं बघून हसली अन् पोपटीच घेतल्या. न्हाईच खपल्या. भेटली की म्हणायची, तुहा पोपटी अजून टोपलीत बसलाय, खातोय पितोय, जात न्हाई.

त्या दिवशी मुखेडच्या बाजारात चाचीच्या सुनंनं त्यातल्या उरल्याल्या बांगड्या माझ्या वटीत घातल्या.

परवा शेजारच्या बाळंतिणीकडं त्या अन् आणखी दोन-चार रंगाच्या घिऊन गेले. लेकरू रडून राहिलं अन् ती भिताडाकडं बघत बसल्याली. मी तिचा हात हातात घेतला, चाचीवाणी दाबला अन् इचारलं, पोपटी का तुह्या आवडीचा दुसरा, कोणता रंग भरू? म्हणली, "कोणताबी, आजी."

मी बांगड्या खाली ठिवल्या. जवळ सरकून, चाचीनं मला इचारलं तेच इचारलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठिवून लई रडली. मी तिला म्हणले, सकाळच्या यष्टीनं जाऊ.

तिची सासू दारात हुबी. म्हणली, सकाळच्या यष्टीनं कुठं नेता हो माह्या सुनंला?

मी म्हणले, "नांदेडला. माल आणायचा हाय. तू बी चल."