मार्थाबाईंची कढई

"कशा आहात, नर्सबाई?" असं कुणी विचारलं की मार्थाबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "झकास! देवबाप हाय की!" अंगात ताप असो नाहीतर छप्पर गळत असो, उत्तर बदलायचं नाही. पौडच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत नवऱ्यासह भाड्याने राहायच्या. सत्तरच्या दशकात आमच्या आळीत ख्रिस्ती घर ते एकच. मी तेव्हा नवी सून होते. त्यांचं ते 'झकास' ऐकून मला वाटायचं, बाईंना दुःख म्हणजे काय ते ठाऊकच नसावं.

बाळंतिणीला त्या दटावायच्या, "रडायला बंदी न्हाई, पोरी. येशूसुद्धा मैतराच्या थडग्यापाशी रडला व्हता. पण रडून तसाच घरी न्हाई गेला, मेलेल्या मैतराला जित्ता उठवला. तू बी कामाला लाग!" कळा देता देता ती बाळंतीण हसायची.

एका डिसेंबरात त्यांचे यजमान झोपेतच गेले. पुण्यात दफन करून परत आल्यावर मार्थाबाई हंबरडा फोडून रडल्या. मीच त्यांना धरून बसले होते. नाताळ आठवड्यावर आला होता. आमच्याकडे मयताच्या घरी वर्षभर सणाचं तळण करत नाहीत, शेजारीपाजारीच फराळ नेऊन देतात. त्याच मायेने आळीतल्या बायांनी त्यांच्या दारावरची नाताळची कागदी चांदणी उतरवून ठेवली. दवाखान्यातून आल्यावर बाईंनी ते पाहिलं आणि आळी डोक्यावर घेतली.

"कुनी काढली? ह्यांनी सवताच्या हातानं बांधली व्हती ती! माझा मानूस गेलाय, सण न्हाई गेला!"

चांदणी पुन्हा दारावर चढली आणि चुलीवर कढई. तळणाचा वास घरोघर शिरला तशी कुजबुज सुरू झाली, "नवरा जाऊन चार दिस न्हाई झालं, अन् ही करंज्या तळतीया!" सगळ्यांत भडकल्या त्या माझ्या सासूबाई. भर तारुण्यात त्यांचं कुंकू पुसलं गेलं होतं. तेव्हापासून रंगीत लुगडं, गोडाचा घास, सगळं त्यांनी सोडलेलं. "तिची पायरी चढायची न्हाई," त्यांनी मला बजावलं. सासूबाईंवर मी आतल्या आत धुमसत राहिले.

नाताळला त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. दुपारी बाईच डबा घेऊन निघाल्या. पहिलं दार आमचं. डोळे सुजलेले होते, पण पातळ निळंभोर नेसल्या होत्या.

"मावशी, तुमी आला न्हाई, म्हनून मीच आले."

"लाज न्हाई वाटत?" सासूबाई कडाडल्या. "आमी दुःख केलं न्हाई व्हय? मी समदं सोडलं."

"तुमच्या मालकांनी सोडायला सांगितलं व्हतं का?"

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"रातभर रडतीय मी," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता, पण मान ताठ होती. "पर मेल्यावर समदं संपतं असं मी मानत न्हाई, मग तसं वागू कशापायी? मरनाला एवढा मान मी देनार न्हाई." आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

मला वाटलं, आता डबा अंगणात भिरकावला जाणार. सासूबाईंनी डबा जवळ ओढला. मग त्यांनी एक उचलली आणि दारातच, उभ्या आळीदेखत तिचा तुकडा मोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. घास कसाबसा गिळून म्हणाल्या, "सारनात खोबरं कमी पडलंय. पुढल्या वर्साला मला बोलीव."