दोन्ही हातांनी दिलेला कोंबडा

“कोंबडा तुम्हीच दिलात ना, एमा? मग फलकावर तुमचाच फोटो लागणार. माझा कसा लागेल?”

“पाहुण्याला दिला मी तो! डोंगराला भोकं पाडायला नव्हता दिला.”

“ते फोटोला कळतं होय?” लेक म्हणाली.

एमा, म्हणजे बाबा. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरगावात म्हाताऱ्या तार्सींना झाडून सगळे एमाच म्हणत. गावाचे म्होरके म्हणून चाळीस वर्षं ते वेशीवर उभे राहिले होते. येणाऱ्याला ताडी पाजायची, दोन्ही हातांनी पांढरा कोंबडा द्यायचा आणि म्हणायचं, “आमच्या वाटेवर तुझा पाय न घसरो.” पाद्री आले, मास्तर आले, रस्त्याचे इंजिनिअर जळवा झटकत आले. एकदा तर बिशप समजून एमांनी बिशपच्या आचाऱ्यालाच कोंबडा दिला. गाव आठवडाभर हसत होतं. “परत मागून घ्या की,” कोणी म्हणालं, तर एमा भडकले. “स्वागत परत घेतात काय रे?” बिशपसाठी दुसरा कोंबडा आणवला.

मागच्या महिन्यात जिल्हाप्रमुखपदाचा उमेदवार आला. डोंगराच्या पोटातल्या वाफेवर वीज करू म्हणाला. त्यालाही कोंबडा मिळाला. आठ दिवसांत फाट्यावर फलक लागला: एमांचे हात, कोंबडा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘गावाचा होकार’. वाफेसाठी भोक पाडायचं होतं ते गावाच्या एकुलत्या झऱ्याच्या डोक्यावर. आणि गावाला कोणी विचारलंच नव्हतं.

आज तो पुन्हा यायचा होता. टोपलीखाली दुसरा कोंबडा फडफडत होता.

“वीज नको का तुला, एनू, माझ्या पोरी?” एमांनी लेकीला, रोफिनाला, विचारलं. आवाज उतरला होता.

“हवीय की! पण विचारून हवी. झरा ठेवून हवी.”

“पाहुणा वेशीवर आणि माझे हात रिकामे? माझ्या बापाच्या काळात असं झालं नाही, पोरी.”

“तुमच्या बापाच्या काळात फोटोही नव्हते!”

एवढ्यात भाचा कानिस जिना चढून आला. अंगात उमेदवाराचं तोंड छापलेला टी-शर्ट.

“मामा, गाडी वळणावर आली. कोंबडा या वेळी जरा खाली धरा हं, मागच्या वेळी पंख साहेबांच्या तोंडावर आला. आणि ते ‘आमच्या वाटेवर’ नका म्हणू. ‘आमच्या जमिनीवर’ म्हणा. ऐकायला बरं वाटतं.”

रोफिनाने बापाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्या बोलण्यातला एक शब्द कोणी हलवला नव्हता.

वेशीवर घंटा वाजली. एमांनी डोक्याचा रुमाल नीट बांधला, खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं. टोपलीपाशी क्षणभर थांबले. मग तिला वळसा घालून दाराकडे गेले.

“मामा, अहो, कोंबडा राहिला!”

“एमा,” रोफिना हळूच म्हणाली, “काय सांगणार त्याला?”

एमा रिकाम्या हातांनी जिना उतरत गेले.