पहाटेच रुसणारं इंजिन

रविवारी सकाळी करंजाहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत नवे स्पार्क प्लग, पान्यांचा डबा, कार्ब्युरेटरचं सामान आणि दोन किलो सुके बोंबील होते. बोंबील लक्ष्मणभाऊंच्या घरी द्यायला, बाकीचं त्यांच्या होडीसाठी. तीस वर्षं मी उरण-करंजाच्या बाजूला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आहे, पण इंजिन बघायला समुद्राकडे पाठ करून डोंगरात जायची ही माझी पहिलीच वेळ. बायको म्हणाली, "शहापूरला कसली आली होडी?" मी म्हटलं, "तिथे धरण आहे. धरणापलीकडे माणसं आहेत."

लक्ष्मणभाऊंचा पाडा भातसा धरणाच्या पलीकडच्या काठावर आहे. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडून एक जुनं आऊटबोर्ड (होडीच्या पाठीला बाहेरून अडकवायचं इंजिन) घेऊन गेले होते. पंधरा दिवसांपासून ते रोज पहाटे मिसिंग मारत होतं. स्लोवर सोडलं की थरथरायचं, रेस दिली की बसायचं, अर्ध्या पाण्यात ताकद जायची. दुपारी तेच इंजिन पुन्हा ठणठणीत.

पण पाड्याला गरज पहाटेचीच होती. लक्ष्मणभाऊंची सून सुनंदा आणि आणखी चौघी जणी वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. आठला गेट बंद होतं. सुनंदा तीनदा उशिरा पोचली होती आणि चौथ्यांदा तसं झालं तर उद्यापासून येऊ नको, असं तिला सांगितलं होतं. बाकीच्यांच्या गाठीला अजून एखाददुसरी माफी होती, तिच्या नव्हती. "मिस्तरी, सोमवारचं जाम भ्या वाटतं," लक्ष्मणभाऊ फोनवर म्हणाले. एवढं ऐकून घरी बसवेना.

पनवेल, कर्जत करत मुरबाडच्या रस्त्याला लागलो आणि म्हशाला एसटी अडकली. गुरांच्या जत्रेचे दिवस. रस्त्यावर बैलच बैल, टेंपोच्या मागून डोकावणारी शिंगं, कडेला घोंगड्यांचे ढीग. शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते, खोंड घ्यायला आलेले. मी कशाला चाललोय ते त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "जनावर बगायचं तं पाटंचं बगावं. दुपारी ऊन खाल्ल्यावर सगलीच बरी दिसतान." मी हसलो. इंजिन म्हणजे काय बैल आहे, असं मनात म्हणालो. ते शब्द तेव्हाच मनावर घेतले असते तर माझी अर्धी फजिती वाचली असती.

मुरबाडला चहा, पुढे सरळगाव, किन्हवली, शहापूर, आणि तिथून जीपने धरणाचा काठ. दुपारचे तीन वाजले होते. पाणी पाहून मी उभाच राहिलो. एवढं पाणी आणि त्याला खाऱ्याचा वास नाही, भरती नाही, ओहोटी नाही. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. ओंजळभर प्यायलो. समुद्रकाठच्या माणसाला होडी चालते तेच पाणी पिता येणं हीच मोठी चैन.

लक्ष्मणभाऊ होडी घेऊन आले होते. साठीचा सडसडीत माणूस, कमरेला पंचा, डोक्याला माकडटोपी. त्यांनी दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू. आवाज असा गुळगुळीत की मला माझ्याच पिशवीची लाज वाटली. थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. पलीकडच्या काठावर पोचल्यावर मी प्लग काढले, कार्ब्युरेटरची वाटी उघडली, फिल्टर उजेडात धरला. सगळं स्वच्छ. पंख्याला जाळ्याचा धागासुद्धा नव्हता. तरी नवे प्लग लावले आणि ऐटीत म्हणालो, "आता तक्रार आली तर मला मिस्तरी म्हणू नका."

पाठीमागे सुनंदा डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. तिशीची असेल. सुट्टीच्या दिवशीही घाईत असल्यासारखी दिसणारी. ती म्हणाली, "काका, दुपारी ह्यो शानाच असतो. सकाली बगा."

तिचा नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असतो, आठवड्याला एकदा येतो. घरात लक्ष्मणभाऊ, त्यांची बायको भीमाबाई आणि सुनंदा. घर कुडाचं, पण अंगण इतकं सारवलेलं की चप्पल आपोआप बाहेर निघाली. संध्याकाळी ओट्यावर बसून लक्ष्मणभाऊंनी टाकीत पेट्रोल भरलं, तेही कापडातून गाळून. कापड जाड, घट्ट विणीचं, चौपदरी घडी केलेलं. दिवाळीनंतर पेट्रोलमध्ये कचरा आल्याचा त्यांचा फोन आला होता, तेव्हा मीच सांगितलं होतं, थेंबन् थेंब गाळून भरा. माझं बोलणं कुणी एवढं मनावर घेतलेलं पाहून मला बरं वाटलं. आमच्याकडचे लोक हो म्हणतात आणि डब्यातून सरळ ओततात.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि माझेच बोंबील, मोहट्याच्या तेलात (मोहाच्या बियांच्या तेलात) तळलेले. पहिल्या घासाला किंचित कडसर लागलं, तिसऱ्या घासाला मी आणखी दोन मागितले. भीमाबाईंनी तेलाची बाटली चुलीच्या कडेला ठेवली होती. विचारलं तर म्हणाल्या, "थंडीत ह्ये तुपावानी गोठतं भावजी. चुलीपाशी ठेवलं म्हंजी पातल ऱ्हातं." मी मान डोलावली आणि तिसरा बोंबील उचलला.

पहाटे साडेपाचला काठावर आलो तेव्हा बोटं आखडली होती. पाण्यावर धुकं. पाची जणी डबे घेऊन होडीत बसल्या, मी इंजिनापाशी. सातव्या झटक्याला इंजिन लागलं आणि लागल्यापासून खोकायला लागलं. आवाज चढे, पडे, पुन्हा चढे. लक्ष्मणभाऊंनी हळूच रेस दिली तसं ते आणखी गळाठलं. मधल्या पाण्यात पोचेपर्यंत पार बंद पडलं. पलीकडे जीप पावणेसातला सुटणार होती. जीपवाला पाच मिनिटं थांबतो, सहावं नाही.

चौघींनी साड्या खोचल्या आणि दोन-दोन जणींनी एकेक वल्हं धरलं. सुनंदा माझ्याजवळ येऊन मोबाईलची बॅटरी धरून बसली. फिल्टर काढला तर जाळीवर पांढरट चिकट थर. वाटी उघडली तर तळाशीही तेच. मी म्हणालो, "पाणी शिरलंय. नाहीतर ग्रीस असेल." पण पाणी असं चिकटत नाही आणि ग्रीस तिथे जाणार कुठून? तीस वर्षांत हा प्रकार मी पाहिला नव्हता.

सुनंदाने त्यातलं बोटावर घेतलं आणि तळहातावर चोळलं. हाताच्या उबेने ते वितळलं. तिने नाकाशी नेलं.

"काका, ह्ये आमचं मोहट्याचं त्याल हाय."

"पेट्रोलमध्ये तेल कुठून येणार?"

लक्ष्मणभाऊ पाठमोरे, तिसऱ्या वल्ह्याने होडी सरळ ठेवत होते, ते थांबले. "कापडातनं," ते म्हणाले. "ती बिया भरून त्याल दाबायची पिशवी हाय आमची. आता घाण्यावरनं त्याल आणतो, पिशवी पडूनच व्हती. तिच्याएवढं घट्ट कापड घरात दुसरं नाय. राखेनं धुऊन, गरम पाण्यातनं काढून हिच्या सासूनं तुकडं केलं. दर खेपंला नवा तुकडा घेतो मी."

म्हणजे दर खेपेला नवं तेल. वर्षानुवर्षं कापडात मुरलेलं तेल पेट्रोलने धुऊन निघत होतं. दिवसा उन्हात ते विरघळून जायचं, म्हणून मला दुपारी काही दिसलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी थंडी वाढली तसं रात्रीच्या गारठ्यात ते गोठायचं आणि कार्ब्युरेटरमधल्या सर्वांत बारीक भोकात जाऊन बसायचं. घरातलं सगळ्यात चांगलं कापड या माणसाने इंजिनाला दिलं होतं, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. कशातून गाळता, एवढंच मी विचारलं नव्हतं.

आता शरमायला वेळ नव्हता. जेट (ज्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो पितळी स्क्रू) गरम करायला हवा होता आणि पेट्रोलपाशी काडी ओढता येत नाही. "गरम पाणी असतं तर," मी म्हणालो. सुनंदाने आपल्या पिशवीतून थर्मास काढला. पाची जणींचा दुपारचा कोरा चहा होता तो.

तिने पदर माझ्या हाताखाली पसरला, कारण जेट निसटून पाण्यात गेला असता तर सगळंच संपलं असतं. दोन्ही जेट काढून मी चहाच्या कपात बुडवले, बाहेर काढून फुंकले, पुन्हा बुडवले. वरती तेलाचे बारीक डोळे तरंगले. तिसऱ्या फुंकरीला भोकातून पलीकडचा उजेड दिसला. वाटी तिच्याच पदराने पुसली, उरलेला गरम चहा कार्ब्युरेटरच्या पोटावर बाहेरून ओतला. पाठीशी वल्ह्यांचा ठेका एकदाही चुकला नव्हता. इंजिनावर एवढी वर्षं पोट भरलं, पण त्या पहाटे माणसांच्या दंडांवर माझा जास्त विश्वास बसला.

लक्ष्मणभाऊंनी दोरी ओढली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन लागलं, एकदा अडखळलं आणि मग एकसारखं चालू लागलं. सुनंदाने रिकामा थर्मास पाण्यात विसळला आणि झाकण लावलं. काठाला लागलो तेव्हा जीपवाला गियर टाकून बसला होता.

मीही त्याच जीपने निघालो. निघताना लक्ष्मणभाऊंना म्हणालो, गाळायला नवी कोरी मलमल घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. त्यांनी मान हलवली. त्या माणसाने एका शब्दाने मला दोष दिला नाही, ते मला जास्त लागलं. वाटेत सुनंदाला सांगितलं, "तुझे तीन उशीर माझ्यामुळे झाले."

ती म्हणाली, "आसं नका बोलू काका. तुमी नीटच सांगलं व्हतं. आमीपण नीटच केलं." मग रिकामा थर्मास पिशवीत सरकवत, "आज चहा नाय, येवढंच."

वाशिंदला गेटवरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. आठला सात मिनिटं कमी होती. पदरावर पेट्रोलचा मोठा डाग तसाच घेऊन ती आत गेली. मी समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले, एक माझा आणि एक उगाच.

करंजाला परत येऊन आता महिना झाला. भीमाबाईंनी दिलेली तेलाची बाटली आमच्या स्वयंपाकघरात आहे. समुद्राकाठी थंडी ती केवढीशी, ते तेल इथे एकदाही गोठलेलं नाही. गिऱ्हाइकांना गाळून भरा म्हणायचं मी सोडलेलं नाही, फक्त आता पुढे विचारतो, कापड कसलं आहे आणि आधी त्यातून काय काय गेलंय. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

दर सोमवारी सकाळी सहाला माझा फोन वाजतो. उचलला तर कुणी बोलत नाही. लक्ष्मणभाऊ मोबाईल इंजिनाजवळ धरून बसलेले असतात. मी डोळे मिटून ऐकतो. आवाज एकसारखा, मध्येच बायकांचं हसणं. मग दुरून सुनंदा विचारते, "काका, बरा चाललाय ना?" मी "बरा चाललाय" म्हणेपर्यंत होडी निघालेली असते.