साडूंचं नाक

माझ्या साडूंसारखं तिखट नाक अख्ख्या दादरा नगर हवेलीत दुसरं झालं नाही. सिल्वासाच्या टोकरखाड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर ते राहतात. कोकणातून शिक्षक म्हणून सिल्वासाला आले, इथेच निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवला. कुणाची डाळ करपली, कुणी ओलाच शर्ट घातलाय, हे जिना चढता चढता जाहीर करत. शेजारी रुसत, पण गॅस बंद करायला आत पळत. आमलीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून "काल सकाळची" असा निकाल देत, आणि भाजीवाली "लेवी होय तो लो, नी तो मूको, मास्तर!" म्हणून, घ्यायची तर घ्या नाहीतर ठेवा अशा अर्थाचं, गुजरातीत खेकसत असे. शाळेत भेटायला आलेल्या एका खानदेशी पालकाला त्यांनी दारातच विचारलं, "तुम्ही रंगाच्या कंपनीत ना?" तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "आंघोय करीसनच उनू ना मी, सर!"

हे नाक दोन वर्षांपूर्वी एका तापात गेलं. गेलं म्हणजे जागेवर आहे, पण कामावर नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. त्यानंतर साडूंचं जेवणातून मनच उडालं. "काहीही वाढ, सगळं सारखंच," म्हणत अर्ध्या ताटावरून उठायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आतल्या आत झुरत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिला कुणीतरी सांगितलं की नाशिककडे द्राक्षांचे मळे आहेत, तिथे वाइनचा वास कसा घ्यायचा ते शिकवतात. "शिकवतात म्हणजे यांचं परतही येईल कदाचित," ती म्हणाली. तिच्या तोंडाकडे बघून मला वाद घालवेना.

अशा रीतीने, ज्या गावात दारूबंदीतला अख्खा गुजरात प्यायला येतो, त्या गावातून आम्ही चार न पिणारी माणसं प्यायला निघालो. डब्यात दशम्या होत्या. पहिल्याच मळ्यावर साडूंनी ग्लास तोंडापासून वीतभर वर धरला आणि ऑफिसातलं पाणी प्यावं तशी वाइन वरून ओतली. इस्त्रीचा पांढरा सदरा छातीपर्यंत जांभळा झाला. "सर, ग्लास ओठांना लावायचा," माहिती देणारी मुलगी म्हणाली. "उष्टा होईल ना!" साडू म्हणाले. तिने ग्लास गोल फिरवायला सांगितलं, तेव्हा मी आणि बायको सावधपणे मागे झालो.

"आता वास घ्या. कसला येतोय, सर?"

साडूंनी नाक आत घातलं. चेहरा कोराच. ताईचे हात पदराशी घट्ट आवळलेले. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले, तो 'माहीत नाही' कसं म्हणणार? तेवढ्यात आपला ग्लास हुंगून मागून ताई पुटपुटली, "पेरू." साडू गरजले, "पेरू!" मुलीने टाळी वाजवली. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणारे मास्तर बायकोची कॉपी करून पास झाले.

दुसऱ्या मळ्यावर तर ताई हुंगायची, पुटपुटायची आणि साडू जाहीर करायचे. मिरी, चिंच, भाजलेला चणा, एकही उत्तर चुकलं नाही. सुरतचं एक कुटुंब त्यांच्या मागेच लागलं. "साहेब, आ जरा चेक करो ने!" साडूंची छाती फुगली होती, पण दोन घासांच्या वर दशमी काही गेली नाही.

तिसऱ्या मळ्यावर ताईचे गाल लाल झाले होते. खात्री करायला ती प्रत्येक ग्लासातला घोट घेत होती. नवी बाटली उघडली, ताईने हुंगलं आणि नाक मुरडलं. "ओलं गोणपाट." साडू क्षणभर थबकले, मग विश्वासाने म्हणाले, "ओलं गोणपाट!" तिथली माहिती देणारी मुलगी आतून वाइन बनवणाऱ्या गृहस्थांना घेऊन आली. त्यांनी वास घेतला आणि बाटली मुकाट्याने बाजूला ठेवली. बुचामुळे बिघडली होती. "तुमचं नाक फार दुर्मीळ आहे, सर," ते म्हणाले.

साडूंनी ताईचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "नाक हिचं आहे. माझं कधीच गेलं."

बाहेर द्राक्षांच्या ओळींमध्ये ते ताईच्या बरोबरीने चालू लागले. मग म्हणाले, "अगं, इतकं चांगलं नाक असून इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवली होती का?" ताई म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली.

त्यांचं नाक आजतागायत परत आलेलं नाही, आणि आता येईल असं वाटतही नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण रविवारी आम्ही वर जेवायला जातो तेव्हा ताई ताट वाढून त्यांच्याशेजारी बसते. "वरणावर तूप आत्ता सोडलंय. हिंग जरा पुढे आलाय. वांग्याला चुलीवरच्यासारखा धुरकट वास आहे बघा." साडू डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात, आणि मग घास घेतात. ताट स्वच्छ होतं. परवा मी आपलं उगीच म्हणालो, "खिरीला वेलचीचा काय वास सुटलाय!"

साडूंनी डोळे न उघडता हात वर करून मला थांबवलं.

"तू नको," ते म्हणाले. "तिला सांगू दे."