पाचव्या रहस्याचा हेतू

आमच्या वटारच्या आळीत मे महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. एका संध्याकाळी एका घरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात आणि गाणी म्हणत मूर्ती आपल्याकडे नेतात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि चहा. माळेत पाच रहस्यं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, असतात. पाचव्याच्या आधी घरच्या माणसानं आपला हेतू सांगायचा आणि जमलेल्या सगळ्यांनी त्यासाठी दहा वेळा नमो मरिया म्हणायची. दर वेळी अर्धी प्रार्थना घरच्यानं म्हणायची, उरलेली अर्धी लोकांनी पुरी करायची. हेतू कुणाचाही असो, नाकारायचा नाही, अशी रीत आहे.

या रीतीपायी आम्ही कशाकशासाठी माळ ओढली आहे! कुणाच्या म्हशीसाठी, कुणाच्या कुवेतच्या व्हिसासाठी. एका वर्षी दोन भावांची बांधावरून कोर्टात केस चालू होती. थोरल्यानं आपल्या घरी हेतू सांगितला, निकाल आपल्या बाजूनं लागावा. धाकटा तिथंच बसलेला. त्यानंही मान खाली घालून दहाच्या दहा म्हटल्या. चार दिवसांनी मूर्ती धाकट्याकडे गेली, तेव्हा थोरल्यानंही त्याच्या हेतूसाठी दहा म्हणून फेड केली. देवानं त्यावर काय केलं ते देव जाणे. केस अजून चालू आहे. पण मला तेव्हा वाटलं होतं, जगात कुठेच नसेल अशी शहाणी रीत आपल्याकडे आहे.

मी गावातल्या शाळेत शिक्षिका होते. लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरात आणि मागच्या केळीच्या वाडीत मी एकटीच राहिले. एकटी म्हणायचं ते तोंडदेखलं, कारण शेजारीण होती. आम्ही एका बाकावर शिकलो. आई गेली तेव्हा ती आपलं घरदार सोडून महिनाभर माझ्याकडे झोपायला येत होती. दोन घरांमधल्या कुंपणात आम्ही वाट पाडली होती, आमटीची वाटी रोज तिथून इकडून तिकडे जायची. तिचा एकुलता एक मुलगा माझ्या हाताखाली शिकला आणि पुढे फौजेत गेला. आळीतला पहिला फौजी. कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा तो वर आघाडीवर होता. नेमका कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षी मे संपला तरी मूर्तीची फेरी थांबली नाही. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे रोझरीचे पुढारी होते. त्यांनी ठरवलं, लढाई संपेपर्यंत फेरी चालू ठेवायची. सगळ्यांना पटलं, मलाही. मूर्ती पुन्हा एकेका घरी जाऊ लागली. हेतू मात्र सगळीकडे एकच झाला, आपल्या जवानांचा विजय. पुढेपुढे त्यात शत्रूचा नायनाटही आला. एका म्हाताऱ्यानं तर तोफांना नेम मागितला. मातेकडे तोफेचा नेम! मी चणे तसेच ठेवून घरी आले.

मी भांडखोर आहे, हे गावाला नवं नव्हतं. आदल्या वर्षी अणुस्फोट झाला तेव्हा चर्चच्या आवारात मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर पेढे वाटले होते. मी घेतला नाही. तेव्हा लोक हसले. बाईंना साखर झाली असेल, म्हणाले. रविवारी मुलांना धर्मशिक्षण मीच देत होते. शत्रूवर प्रीती करा, हे वाक्य मुलांकडून घोकून घेताना मला नेहमी वाटायचं की हे अवघड नाही, नुसतं गैरसोयीचं आहे. शांततेच्या काळात शत्रू कोण, तर शेजारचा कुत्रा सोडणारा. तेवढ्यापुरती प्रीती जमून जाते.

मूर्ती माझ्याकडे आली त्या दिवशी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीण पुढेच बसली होती. तीन आठवडे पोराची खबर नव्हती. तिच्या गालांची हाडं वर आली होती. चार रहस्यं झाली. मी हेतू सांगितला. आपल्या मुलांसाठी, ती धडधाकट घरी यावीत म्हणून. आणि समोरच्या बाजूच्या मुलांसाठीही, कारण त्यांच्या आयासुद्धा अशाच बसल्या असतील.

मी नमो मरियाचा माझा अर्धा भाग म्हटला आणि थांबले. उरलेला अर्धा आलाच नाही. काका माळेकडे बघत होते. मग मीच उरलेला अर्धा म्हटला. दुसऱ्या मण्यालाही तसंच. तिसऱ्याच्या वेळी शेजारीण उठली.

"माझा पोर तिथं हाय," ती म्हणाली, "आनि तू त्याला मारनाऱ्यासाठी माळ म्हनतेस?"

ती गेली. तिच्यामागून एकेक करत सगळे गेले. मी दहा मणी पुरे केले, दोन्ही अर्धे स्वतःच म्हणत. हट्टानं म्हटले, खरं सांगायचं तर. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि राग इतका होता की आवाज चढत गेला. चण्यांनी भरलेलं पातेलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मूर्ती शेजारणीकडे जायची होती. मेणबत्ती घेऊन कुणी आलं नाही. तिच्या घरी रोझरी झाली, भिंतीवरच्या तसबिरीपुढे. मला कुंपणापलीकडून सगळं ऐकू येत होतं. मूर्ती माझ्याकडेच राहिली. शेवटी काका एकदा दुपारी आले आणि अंगणातच उभे राहिले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "आपल्यावर आधीच लोकांचं लक्ष असतं. तुमचा देव बाहेरचा, तुमचं मन बाहेरचं, असं तोंडावर बोलतात. अशा वेळी आपल्या आळीत शत्रूसाठी माळ? हे बाहेर गेलं तर?"

"आपण त्यांच्या भीतीनं प्रार्थना करायची का मग?" मी विचारलं.

"पोराबाळांना घेऊन राहायचंय इथं," ते म्हणाले. त्यांचं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ते मूर्ती घेऊन गेले, गाण्याशिवाय, पावसासाठी वर प्लास्टिक घालून.

कुंपणातल्या वाटेवर शेजारणीनं बोरीच्या फांद्या टाकल्या. मला कुणी वाळीत वगैरे टाकलं नाही. बाजारात भेटलं की बोलायचे, पाऊस किती, केळीचा भाव काय. पण संध्याकाळी आळीतून माळेचा आवाज यायचा आणि मला बोलावणं नसायचं. मी घरातच माळ घेऊन बसत असे. पहिलं रहस्य शेजारणीच्या पोरासाठी, पाचवं माझ्या त्याच हेतूसाठी. दोन्ही अर्धे मीच म्हणायची. भरल्या आळीत आपला आवाज आपल्यालाच उत्तर देतो, यासारखं एकटेपण मी आई गेली तेव्हाही भोगलं नव्हतं.

लढाई जिंकली. आभाराची मिस्सा झाली. मिस्सेत शांतीचं चिन्ह म्हणून शेजारच्याला हात जोडून शांती द्यायची असते. शेजारीण माझ्या पुढच्या बाकावर होती. तिनं डावीकडे दिली, उजवीकडे दिली, मागे वळली नाही.

पोर नाताळच्या सुमारास रजेवर आला. आळीनं त्याला हार घातले, बँड लावला. दोन-तीन दिवसांनी तो वाडीच्या मागच्या बाजूनं माझ्याकडे आला. खूप बारीक झाला होता. चहा पुढे ठेवला, तो गार होऊ दिला.

"मावशी, तुम्ही माळ कशासाठी म्हटली ते आईनं सांगितलं," तो म्हणाला. मला वाटलं, आता हाही बोलणार.

"ती पुन्हा म्हणाल? एकासाठी?"

मग त्यानं सांगितलं. समोरचा एक जण त्याच्याच गोळीनं मेला होता. त्यांच्याकडून प्रेत न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच जवानांनी त्याला मूठमाती दिली, त्यात हा एक होता. पलटणीतल्या एका मुसलमान जवानानं त्यांच्या रीतीनं प्रार्थना म्हटली. "माझ्यापेक्षा लहान होता मावशी. पायात साधे कापडी बूट. मी पाय धरले होते त्याचे."

आम्ही माळ म्हटली. माझा अर्धा झाला की त्याचा अर्धा यायचा, घोगऱ्या आवाजात. इतक्या महिन्यांनी मला कुणी तरी उत्तर देत होतं. मला आनंद झाला. तो तसल्या वेळी झाला याची लाजही वाटली, पण झाला.

निघताना तो म्हणाला, "आईला सांगू नका. ती सगळ्यांना अभिमानानं दाखवते मला. हे कळलं तर रोज माझ्या तोंडाकडे बघत बसेल." मी शब्द दिला.

पुढे मुदत भरल्यावर तो फौज सोडून आला, सातिवलीच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागला. घरात बोलेना. लग्नाचं काढलं की उठून जाई. चर्चमध्ये दाराशी उभा राही. अधूनमधून वाडीतून माझ्याकडे येई. आम्ही एक रहस्य म्हणत असू, तो गार चहा पिऊन जाई.

मग इराकवर हल्ला झाला. पोपसाहेब युद्धाच्या विरुद्ध बोलले, म्हणून फादरही रविवारी बोलले. युद्ध म्हणजे माणसाचा पराभव, दोन्हीकडच्या आयांसाठी प्रार्थना करू या. सगळ्या चर्चनं एका सुरात प्रतिसाद दिला. काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. परक्याच्या लढाईत आपण सगळेच संत असतो. मी हसले.

बाहेर शेजारीण माझ्यासाठी थांबली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. केस पार पांढरे झाले होते. मला वाटलं, फादरांच्या बोलण्यावरून काही म्हणेल. मी मनातल्या मनात तिला माफसुद्धा करून टाकलं.

"तो तुझ्याकडे येतो," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय. मी बघते खिडकीतनं. मला एक शब्द बोलत नाय गो. रात्री ओरडून उठतो. तुझ्याशी काय बोलतो तो?"

तिनं माझा हात धरला होता. सांगितलं असतं तर त्या क्षणी माझी मैत्रीण मला परत मिळाली असती. कदाचित तिला तिचा मुलगाही.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा पितो आणि जातो."

तिनं हात सोडला. "मला वाटलंच," ती म्हणाली, "तू नाय सांगनार." आणि घराकडे चालू लागली.