दोन बोटं जास्त कापड

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर सुरू झालेली हार्मोन रोखणारी गोळी स्वतःहून बंद केली. तिच्यामुळे सांधे दुखत होते.

पंधरा दिवसांनी भांडुपला ब्लाउजचं माप देताना टेप एका बाजूला सपाट गेला. शिंपीणबाई थांबल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीनच्या खणातून तशीच गोळी काढली. रोज सुई ओवण्याआधी त्या ती घेत.

"बंद केलीस? वेडी का गं तू? एखादी पेशी उरली असेल, तर गोळीविना तिला त्याच हार्मोनचं, इस्ट्रोजेनचं, खाणं मिळतं. दुखतंय तर डॉक्टरला सांग ना, बदलून देतात. माझी दिली."

ब्लाउजला त्यांनी आत दोन बोटं जास्त कापड सोडलं. "अंग भरेल, तेव्हा उसवून देईन."

डॉक्टरांनी गोळी बदलली. गेल्या महिन्यात शिंपीणबाईंनी तो ब्लाउज उसवून सैल करून दिला.